उंबऱ्याबाहेरचं अंडं

द्वारकानं सूड घेतला तो मी तिच्याच बाकड्यावर बसून पाहिला, आणि मला तो आवडला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी सासू-सून एकमेकींच्या गळ्यात पडून रडतील या आशेनं कुणी वाचत बसायला नको. ज्यांना तसलं हवं आहे त्यांनी टीव्ही लावावा.

मानवतच्या मोंढ्याकडे वळताना कोपऱ्यावर तिचा अंड्यांचा गाडा उभा असतो. एक तवा, एक कढई, निळा छत्रीचा कपडा, शेजारी लांब बाकडं. कापूस आणि धान्य घेऊन आलेली माणसं, पोती उचलणारे हमाल, जिनिंगवर कामाला जाणाऱ्या बाया, सगळे तिथं खातात. गाड्याच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, हिरव्या फाटकाचं दुमजली घर आहे. ते तिचं सासर. गाडा तिथंच का लावला, असं मानवतमध्ये तिला कुणी विचारत नाही. बाहेरचं कुणी विचारलंच तर ती सांगते, "मोक्याची जागा हाय."

मी गृहविज्ञान शिकले, परभणीला. मग इथल्या कॉलेजात आहारशास्त्र शिकवत आयुष्य काढलं. माझं घर त्या दुमजली घराच्या मागच्या गल्लीत आहे आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पूर्वी त्यांचा गोठा दिसायचा. त्यामुळे पुढचं जे सांगते ते ऐकीव नाही.

द्वारका मूळची बोरीची. तिच्या वडिलांच्या अंगणात कोंबड्या होत्या, आणि घरात पाहुणा आला की आधी खुराड्यात हात जायचा. लग्न होऊन ती आली माळकऱ्याच्या घरात. सासरा वारलेला, कारभार सासूचा. धुरपताबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदा-लसूणसुद्धा वार बघून. याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ज्यानं त्यानं आपलं ताट सांभाळावं.

पण द्वारकाला दिवस गेले आणि तिचं रक्त फार कमी निघालं. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, पालेभाजी सांगितली आणि वर म्हणाल्या, रोज अंडं खा. नवरा, योगीराज, संध्याकाळी पिशवीतून अंडी घेऊन दारात आला. धुरपताबाई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. माळ मुठीत धरली आणि सगळ्यांदेखत, दोन्ही मुलं, सुना, गडीमाणसं ऐकत असताना म्हणाल्या, "ह्या उंबऱ्याच्या आत अंडं आलं तर ह्या माळेची आण हाय सगळ्यांला. मी मेले असं समजा."

मराठवाड्यात आण घातली की विषय संपतो. वकिलाचं काम उरत नाही.

मग तोड निघाली ती आमच्याकडे घरोघर निघते तीच. उंबऱ्याबाहेर तीन दगडांची चूल आणि अंड्याचं वेगळं भांडं. मागच्या गोठ्यात, उकिरड्याच्या कडेला द्वारकानं चूल मांडली. भांडं म्हणजे पोचे आलेलं जर्मनचं पातेलं, तेही घरात ठेवायचं नाही, गोठ्याच्या खुंटीला टांगायचं. अंडं खाल्लं की बाहेरच्या न्हाणीत आंघोळ करूनच घरात पाऊल टाकायचं. थंडीचे दिवस होते. पोट पुढं आलेली ती पोरगी शेणाच्या वासात उकिडवी बसून अंडी उकडायची आणि मग गार पाण्यानं कुडकुडत आंघोळ करायची. मी खिडकीतून बघायची आणि माझा जीव चडफडायचा.

एका एकादशीला ती विसरली. गरोदर बाईला तिथी कुठून लक्षात राहणार? पातेल्याला उकळी आलेली, आणि धुरपताबाई आल्या. लाथेनं नाही, हातानं. पदरात धरून ते पातेलं उचललं आणि पाण्या-अंड्यासकट उकिरड्यावर फेकलं.

"आज एकादस हाय, कळत न्हाई का गं तुला? एवढी वखवख सुटली व्हय? खायाचंच हाय तर जा रस्त्यावर, बस फतकल मारून, आन खा चारचौघांत!"

मी खिडकीतून ओरडले, "धुरपताबाई, तिच्या अंगात रक्त नाही! डॉक्टरांनी सांगितलंय!"

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "मास्तरीणबाई, खिडकी लावा. वारं लागंल."

योगीराज तिथंच वैरणीची पेंढी हातात धरून उभा होता. ती पेंढी त्यानं बैलापुढं टाकली आणि तो घरात गेला. त्याच्याबद्दल एवढंच लिहिते. पुढं तो पुन्हा येणार आहे, ओळख असावी.

पोर जन्मली ती अगदीच हलकी. अंड्यानं सगळं टळलं असतं असं मी म्हणणार नाही. एका पदार्थानं मूल घडत नाही आणि बिघडतही नाही, हे मी वर्गात घसा फोडून सांगितलेलं आहे. पण आजी म्हणवणारी बाई दुपटं बाजूला करून बघते आणि म्हणते, "मला वाटलं बाळ हाय, हे तर उंदराचं पिल्लू," तेव्हा आहारशास्त्र बाजूला राहतं. बाळंतीण बोरीला गेली ती तिला आणायला कुणी फिरकलं नाही. योगीराजनं दुसरी केली नाही. त्याची तेवढीही हिंमत नव्हती.

दोनेक वर्षांनी द्वारका मानवतला परत आली ती गाडा घेऊन. पहिल्या दिवशी मला म्हणाली, "बाई, त्या म्हातारीला रस्त्यावर बसवून, चारचौघांत, माझ्या हातचं अंडं खाऊ घालायचंय. एवढं झालं की मेले तरी चालतंय."

मी म्हणाले, "मरू नकोस. आधी मला काहीतरी खायला दे."

आता ती काय रांधते ते सांगते, कारण नुसत्या खुन्नसवर गाडा चालत नाही. अंडं स्वस्त आहे असं शहाणे लोक म्हणतात. पोती उचलणाऱ्याला दोन वेळा पोटभर अंडी खायची तर ते स्वस्त राहत नाही. म्हणून द्वारका अंडं वाढवते. बेसन पातळ भिजवायचं, त्यात कांदा आणि बाजार उठताना उरलेली मेथी नाहीतर शेपू चिरून घालायची, वरून अंडं फेटून एकजीव करायचं आणि तव्यावर जाडसर पोळा टाकायचा. एका अंड्यात दोन माणसं उठतात आणि दुपारपर्यंत भुकेचं नाव घेत नाहीत. सकाळची शिळी भाकरी ती फेकत नाही. फोडणीच्या पाण्यात कुस्करते, मऊ झाली की अंडं फोडून हलवते. रश्शाला शेंगदाण्याचा कूट आणि लसूण, आणि अंडी वेगळी उकडत बसायची नाहीत. रस्सा खदखदला की त्यातच एकेक फोडून सोडायचं, वर झाकण ठेवायचं, हलवायचं नाही. गॅस वाचतो, वेळ वाचतो, सोलताना निम्मं अंडं टरफलाला जात नाही.

आणि चौथं, जे मी खाते. माझ्या तोंडात आता दातांची गर्दी राहिलेली नाही. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवायच्या, जिरं-लसणाची फोडणी, हळद, आणि गरम असतानाच फेटलेलं अंडं धारेनं सोडून घोटायचं. अंडं आहे हे जिभेला कळतही नाही. हमाल त्याला नुसतं 'पिवळं' म्हणतात. "एक पिवळं" म्हटलं की झालं.

गाड्याचं तोंड तिनं असं लावलेलं की वारा सुटला की फोडणी सरळ हिरव्या फाटकातून आत. एकादशीला ती लसूण दुप्पट घालायची. शेजारी भाजी घेऊन बसणारी केशरबाई नाकाला पदर लावून म्हणायची, "द्वारके, आज लसणाचं वावर उपटून आणलंस का गं?"

"आज एकादस हाय, केशरबाई. आज कसर न्हाई करायची."

"आगं, मपल्या कोथिंबिरीला वास यायलाय!"

"मग महाग लाव. मसाल्याची हाय म्हण."

घरातून तक्रारी गेल्या नाहीत असं नाही. गाडा हटवायला माणसं यायची. गाडा चाकांवरचा. ती हसत हसत चार हात पुढं ढकलायची, माणसं गेली की पुन्हा जागेवर. अशी वर्षं गेली. ती हलकी पोर, अर्पिता, वाढली, आता परभणीला कॉलेजात आहे आणि एसटीत चढताना पोराटोरांना कोपरानं बाजूला सारते. धुरपताबाई फाटकातून बाहेर पडल्या की तोंड फिरवून जायच्या. द्वारका झारा तव्यावर आपटायची. संभाषण तेवढंच.

गेल्या कापसाच्या हंगामात धुरपताबाई न्हाणीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. परभणीला नेऊन ऑपरेशन झालं, पण जखम काही भरेना. डाळीचं पाणी झालं, दूध झालं, ते पचेना. प्रोटीनच्या पावडरीचा डबा आणला, त्यानं पोट बिघडलं. म्हातारी वाळून काटकी झाली. डॉक्टर शेवटी चिडले. अंडी सुरू करा, नाहीतर हिला पुन्हा चालताना बघायचं विसरा.

कीर्तनकार महाराजांना विचारलं गेलं. महाराज व्यवहारी होते. म्हणाले, औषध म्हणून घ्या, तोवर माळ देवापुढं काढून ठेवा, बरं झाल्यावर पुन्हा घाला. चालायची हाव मोठी असते. धुरपताबाईंनी माळ काढून ठेवली.

आणि इथं ती आण आडवी आली.

धाकटी सून प्रियांका उंबऱ्यात उभी राहिली. हे मला तिनंच सांगितलं, माझ्या स्वयंपाकघरात बसून, चहा गार होईस्तोवर. दिराला, म्हणजे योगीराजला, ती म्हणाली, "भावजी, अंडं आत न्हाई यायचं. आत्याबाईंची आण हाय."

"आगं, आईनं माळ काढून ठिवलीय."

"माळ काढली, आण कुठं काढली? माझ्या दोन्ही बाळंतपणात होती की. मला तर गोठाबी न्हाई दिला. तवा आण होती आन आता न्हाई का?"

म्हातारीनं खाटेवर भिंतीकडे तोंड केलं. स्वतःच्या तोंडानं आण उठवायची तर इतकी वर्षं ती कशाला धरली याचं उत्तर द्यावं लागलं असतं, तेही दोन सुनांना. तसं करण्यापेक्षा त्यांना खुबा मोडलेला परवडला. गोठाही नव्हता. तो पाडून तिथं शटरची दुकानं झाली होती.

मग योगीराजनं एसटी स्टँडवरून उकडलेली अंडी आणली आणि आईला धरून बाहेरच्या ओट्यावर बसवलं. पहिल्याच घासाला सगळं उलटून आलं. जन्मात ज्या जिभेला बलक लागला नाही ती त्याला कशी घेईल? दोन दिवस तोच तमाशा. तिसऱ्या दिवशी म्हातारी खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली, "प्रियांका, समोर ते रोज पिवळं करायलेत, त्याचा वास यायलाय... ते काय असतंय गं?"

इतकी वर्षं जो वास तिला छळायला सोडला होता त्यानंच तिच्या पोटात भूक उठवली. द्वारकालासुद्धा हे सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी योगीराज गाड्यावर आला. मी बाकड्यावर होते.

"एक पिवळं दे. पार्सल."

द्वारकानं मान वर केली नाही. "कुणाला?"

"आईला."

"पार्सल बंद हाय."

"आत्ता त्या माणसाला दिलंस की."

"आत्ताच बंद झालं."

तो घुटमळला. "द्वारके, झालं गेलं सोड की. पायजे तर माफी मागायला लावतो तिला."

"माफी घेऊन काय करू? फोडणीत टाकू?"

"मग काय पायजे तुला?"

"गिऱ्हाईक. बाकड्यावर बसून खाणारं."

त्यानं मग शहाणपणा केला. एका हमालाला डबा देऊन पाठवलं. द्वारकानं डबा ओळखला, तिच्याच रुखवतातला होता. त्या दिवसापासून सरसकट पार्सल बंद. जिनिंगच्या बाया बोंबलल्या, शाळेतल्या शिपायानं वाद घातला. माझा स्वतःचा डबा तिनं परत पाठवला. गुडघे धरून मी तिथवर चालत गेले आणि म्हणाले, "माझं काय चुकलं गं?"

"तुमचं काय न्हाई चुकलं बाई. पर एकाला फट ठिवली की समदे त्यातून शिरत्यात. बसा, गरम वाढते."

गावातली दोन-तीन पोक्त माणसं माझ्याकडे आली. तुम्ही शिकलेल्या आहात, तिला समजवा, म्हातारं माणूस आहे, एवढं ताणू नये. उकिरड्यावर पातेलं पडलं तेव्हा हीच माणसं कुठं होती ते मला पाठ होतं. मी म्हणाले, "मी आहारशास्त्र शिकवलं, क्षमाशास्त्र नाही. चहा घेणार का निघणार?" निघाली.

आणि मग एका बाजारच्या दिवशी, मोंढा कापसाच्या गाड्यांनी गच्च भरलेला असताना, हिरवं फाटक उघडलं. वॉकर धरून धुरपताबाई, बाजूला प्रियांका. योगीराज फाटकातच थांबला. एका ट्रॅक्टरवाल्यानं ब्रेक दाबला. रस्ता ओलांडायला म्हातारीला एवढा वेळ लागला की हॉर्न वाजवणारेसुद्धा कंटाळून गप्प झाले. बाकड्यावरचे हमाल उठून जागा करू लागले तशी द्वारका म्हणाली, "उठू नका कुणी. सरका नुसते. मावत्यात."

धुरपताबाई दोन हमालांच्या मधे बसल्या. समोर मी.

"काय देऊ, आत्याबाई?"

"तुला ठावं हाय."

"मला न्हाई ठावं. गिऱ्हाईक बोलल्याबिगर माझी कढई चढत न्हाई."

"ते... पिवळं."

"कशाचं पिवळं? मोठ्यानं बोला, लय गलका हाय."

गलका मुळीच नव्हता. भाव करणाऱ्यांनी भाव करणं थांबवलं होतं. केशरबाई काकडीचा तुकडा तोंडाशी धरून बसली होती. म्हातारीनं प्रियांकाकडे पाहिलं. प्रियांका कापसाच्या गाड्या बघत होती.

"अंड्याचं दे," धुरपताबाई म्हणाल्या.

"आत्ता देते," म्हणून द्वारकानं कढई चढवली.

मी तिच्या हातांवर नजर ठेवली होती. खरं सांगते, मला शंका होती. तिखट ओतेल, करपवेल, थंड वाढेल. तिनं कण्या आणखी मऊ करून घेतल्या. मिरची घातलीच नाही. अंडी दोन फोडली आणि इतकी घोटली की चमच्यावरून सायीसारखं ओघळलं. ताटली पुसून समोर ठेवली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. पहिला घास तोंडात जाईस्तोवर तिनं पापणी लववली नाही. तो गिळला गेलेला तिनं गळ्यावर पाहिला, जिथं माळ असायची तिथं. मग दुसरा. मग तिसरा.

"कसं झालंय?"

धुरपताबाईंनी घास गिळला. "मीठ कमी हाय."

"मीठ डॉक्टरनं कमी सांगितलंय. ह्या टायमाला डॉक्टरचं ऐकू, आत्याबाई."

माझ्या शेजारच्या हमालाला ठसका लागला. म्हातारीनं मान खाली घातली आणि ताटली पुसून खाल्ली. उठताना द्वारका म्हणाली, "उद्या ह्याच वक्ताला या. आन आल्यावर तोंडानं मागायचं. रोज."

रोज. थंडी सरेपर्यंत रोज. वॉकर, रस्ता, बाकडं, आणि "अंड्याचं दे." दोन घासांत भागेल असा सूड मला वाटला होता, पण द्वारका गाडेवाली आहे, तिला रोजचं गिऱ्हाईक कळतं. योगीराजनं एकदा मधेच विचारलं, आता पुरे झालं नाही का. ती म्हणाली, डॉक्टरला विचार. एका दिवशी म्हातारी न मागता नुसती बसून राहिली. द्वारकानं भांडी घासायला घेतली. कढई कोरडी. बऱ्याच वेळानं बाकड्यावरून आवाज आला, "अंड्याचं दे की गं," आणि तिनं काडी पेटवली. त्यांच्यात ना प्रेम आलं ना दिलजमाई झाली. जखम मात्र भरली. गालावर मांस आलं. वॉकर गेला, काठी आली.

उन्हाळा लागता लागता डॉक्टरांनी पुरे म्हटलं. त्याच आठवड्यात धुरपताबाईंनी माळ पुन्हा घातली आणि परवाच्या एकादशीला देवळात निघाल्या. फाटकातून बाहेर आल्या, गाड्यासमोर पोचल्या आणि नाकाला पदर लावला.

केशरबाई उसळली. "बघ गं बघ, कशी चाललीय नाक धरून! एवढं खाऊन वर हे! तुला राग न्हाई येत?"

"येतोय की," द्वारका म्हणाली. तिनं झारा खाली ठेवला, हात पुसले आणि मोंढ्याच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात हाक मारली, "आत्याबाई, सावकाश! त्या पायात माझी अंडी हायेत, सांडतील!"

गाड्यांवरची माणसं खो खो हसली. पोत्यावर निजलेला एक जण उठून बसला आणि काय झालं ते न कळताच हसायला लागला. धुरपताबाईंनी मागं वळून पाहिलं नाही. पण पुढं खड्डा होता, आणि त्यांनी काठी टेकून, पाऊल चाचपून, फार जपून टाकलं.